वर्धेच्या पुलापर्यंत

प्रिय नीळू,

अनेक आशीर्वाद. भर दुपारी लिहायला बसलेय. कुलरमध्ये सकाळी पाणी भरलं होतं, ते केव्हाच संपलं, आता नुसता गरम वारा अंगावर येतो. खिडक्या लावून घेतल्या तरी टेबलावर कोळशाची काळी धूळ बसतेच. वणीत जन्म काढला त्याला तिचं काय म्हणा. फोन असताना ताई पत्र कशाला लिहितेय, असं तुझ्या मनात येईल. फोनचं काय केलंस ते तूच आठव. मी लावते, भैरवी उचलते, "ताई, ते ऐकून राह्यले, तुम्ही बोला," म्हणते आणि फोन तुझ्यासमोर धरते. मग मी इकडून बोलत राहते आणि तिकडून मला फक्त पांढरकवड्याच्या हायवेवरचे ट्रक ऐकू येतात. ट्रकवाल्यांशी किती दिवस बोलणार मी? पत्र निदान तुला हातात धरावं लागेल.

तुझे भाऊजी, माझे हे, गेले त्याला आता चौथा महिना लागला. तेव्हापासून तुझ्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, नाक-कान पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाले. भैरवी सांगते, तू रोज वेळेवर दुकान उघडतोस, चिठ्ठी वाचतोस, गोळ्या काढून देतोस, किती वेळा घ्यायच्या ते बोटांनी दाखवतोस. सलोनी बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि "बाबा, फिजिक्स चांगला गेला," म्हणाली, तर तू नुसती मान हलवलीस. पोरगी आतल्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. अरे, तू तो नीळू, ज्याच्याकडे लोक खोकल्याचं औषध घ्यायला यायचे आणि अर्धा तास राजकारण ऐकून जायचे! तुझ्या तोंडाचा पट्टा बंद व्हावा म्हणून मी लहानपणी देवाला नवस बोलायचाच तेवढा बाकी ठेवला होता. आता तो बंद झालाय तर माझा जीव थाऱ्यावर नाही. भैरवी माझ्याशी बोलताना रडत नाही, अगदी सपाट आवाजात सगळं सांगते. त्या सपाट आवाजाची मला भीती वाटते. हे असंच राहिलं तर तुझं घर तुझ्या डोळ्यांदेखत मुकं होईल, आणि एक मुकं घर मी इथे रोज सांभाळते आहे, ते काय असतं ते मला विचार.

तुझं सांत्वन करायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. ते मला कधी जमलं नाही. शाळेत पोरगं पडून आलं तर आधी एक धपाटा आणि मग टिंक्चर, अशी माझी पद्धत. तेव्हा धपाटे असतील यात, वाचून घे.

काल माळ्यावरचं सामान खाली काढवून घेत होते, तर तो क्लबचा जुना निळा झेंडा सापडला. बांबू कुणीतरी काढून घेतलाय, कापडाला उंदरांनी एका कोपऱ्यात भोक पाडलंय. हातात घेतला आणि आपण कुठे कुठे गेलो ते सगळं एकामागून एक आठवलं. तू कॉलेजला म्हणून आमच्याकडे राहायला आलास आणि फुटबॉलच्या क्लबात राखीव खेळाडू झालास, तिथून हे खूळ घरात शिरलं. राखीव म्हणजे काय, तर बूट घालून बसायचं आणि दुसऱ्यांना पाणी द्यायचं. हे पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर, म्हणून म्हणायचे, "नीळू आमच्याच खात्यातला." तुला एकदा तरी आत उतरवतील म्हणून आम्ही दोघं बघायला यायला लागलो. तुला काही त्यांनी उतरवलं नाही, पण आम्ही मात्र कायमचे उतरलो. आयुष्यात चेंडूला पाय न लावलेला तो सपाट तळव्यांचा, जाड भिंगांचा माणूस ऑफसाइडवरून भांडायला लागला.

दुसऱ्याच्या गावच्या मैदानावर जाण्यात जे होतं ते आपल्या मैदानावर कधीच नव्हतं, खरं ना? इथे आपण चारचौघांसारखे. पण दुसऱ्या गावात ट्रकमधून उतरलो की आपण वणीचे. आदिलाबादला गेलो होतो ते आठवतं? सगळीकडे तेलुगू. ते आपल्याला काय ओरडत होते ते आपल्याला कळत नव्हतं आणि आपण त्यांना काय म्हणत होतो ते त्यांना कळत नव्हतं. दोन्हीकडून मनसोक्त शिव्या झाल्या आणि मॅच संपल्यावर त्यांनीच आपल्याला इडल्या खिलवल्या. हे इडली खाताना विचारत होते, "रत्नप्रभा, मगाशी मी त्यांच्या रेफरीला जे बोललो ते या इडली वाढणाऱ्याला कोणी सांगणार तर नाही ना?" महागावला तर मैदानच नव्हतं, बाजाराच्या मोकळ्या जागेत दगड मांडून गोल केलेले. तुमचा सेंटर फॉरवर्ड सणसणीत मारायला गेला आणि चेंडू थेट सोयाबीनच्या ढिगात. दोन्ही टीम, रेफरी, प्रेक्षक सगळे ढीग उपसायला लागले आणि शेतकरी काठी घेऊन आला. बल्लारपूरला कारखान्याचा वास आला की हे नाक धरायचे आणि म्हणायचे, "झालं, हरलो." आणि तिथे आपण हरायचोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, पण यांना कोण सांगणार.

माझ्यासाठी कामठी वेगळी. त्या सगळ्या गर्दीत मी एकटी बाई असायची. पुरुषांना काय, कुठेही आडोसा. मी सकाळपासून पाणी न पिता निघायची आणि ओठ सुकवून बसायची. कामठीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मैदानाला लागून असलेल्या घरातल्या एका बाईंनी मला पडद्याआडून ताई म्हणून हाक मारली. "बाजी, अंदर आ जाओ, हाथ-मुँह धो लो." त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. त्यानंतर जेव्हा जेव्हा कामठीला गेलो तेव्हा मी आधी त्यांच्याकडे जायची, त्यांच्यासाठी तिळाची चटणी न्यायची. आणि तिथलेच ते म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, आपण गोल केला तर "वाह मियाँ!" म्हणून टाळ्या वाजवणारे. दुसऱ्याच्या गोलला टाळी वाजवतात हे मी तिथे बघितलं. आपल्या वणीत कोणी वाजवली असती का? आपण तर पाहुण्या टीमचे पांढरे कपडे काळे झाले तरी खूश व्हायचो.

पण आपला तो नियमही त्याच कामठीच्या रस्त्यावर जन्माला आला. पहिल्या वर्षी तिथून हरून येत होतो. खेळाडू आणि आपण सगळे एकाच ट्रकमध्ये. आपला गोलकीपर शंकरसिंग, त्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला आणि तेवढ्या एका गोलनं हरलो. बुटीबोरीपासून पोरांनी त्याला जे धरलं ते सोडेचनात. कोणी "पाय शिवून घे" म्हणालं, कोणी त्याच्या बापाचं नाव काढलं. वरोऱ्याच्या फाटकाशी ट्रक थांबला तसा शंकरसिंग उतरला आणि अंधारात चालायला लागला. हाका मारल्या, शोधला, सापडला नाही. त्याची आई सकाळी आपल्या दाराशी येऊन उभी राहिली, "मास्तरीणबाई, माहा पोरगा कुठं हाय?" एवढंच म्हणाली. शेवटी तो आला, पायांना फोड घेऊन आला, पण गोलमध्ये पुन्हा कधी उभा राहिला नाही. गावातून गेला तो गेलाच.

पुढच्या वेळी ट्रकमध्ये चढायच्या आधी तू फळीवर उभा राहिलास आणि म्हणालास, "ऐका बे. हरलो तर वर्धेच्या पुलापर्यंत कोणी तोंड उघडणार नाही. एक शब्द नाही." तेव्हा तुझं वय काय, मिशीही नीट फुटली नव्हती. सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि तुझ्या नियमाला शेपूट जोडलं, "आणि पूल ओलांडला की गाडीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणेल, चला रे पोट्टेहो, चाय घ्या. तो म्हणाला की मॅच संपली. मग कोणी मॅचवर बोलायचं नाही." अर्धा नियम तुझा, अर्धा भाऊजींचा. पुसद-दिग्रसच्या बाजूला वर्धा आडवी येत नाही म्हणून तिकडून येताना करंजीचा फाटा हाच पूल धरायचा, हेही तेव्हाच ठरलं. आणि पुलाच्या वणीकडच्या काठावर लालीबाईची टपरी होतीच. हरलेल्या टीमला ती साखर जास्त घालते, असं सगळे म्हणायचे.

तो नियम वाईट नव्हता, नीळू. हे मी आज, या घरात बसून लिहितेय, तेव्हा तू विश्वास ठेव. त्या नियमानं किती पोरं वाचवली ते मी बघितलंय. सेल्फ गोल केलेला पोरगा मान खाली घालून बसलेला असायचा आणि त्याच्या शेजारचा नुसता त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचा. तासन् तास, एक अक्षर नाही. नवीन पोरं आली, ट्रक जाऊन मिनीबस आली, मोबाइल आले. मोबाइलही खिशात ठेवायचे, हरलो तर उचलायचे नाहीत, हे त्या पोरांनीच आपलं आपण ठरवलं. पहिल्यांदा मोठेपणाचा तो मान क्लबच्या जुन्या मास्तरांचा होता. ते गेल्यावर यांच्याकडे आला. किती ऐट होती त्याची यांना! रिटायर झाले तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं त्याचं काही कौतुक नाही, पण "चाय घ्या" म्हणायला मिळतं म्हणून छाती फुगवायचे. घरी आरशासमोर एकदा म्हणताना मी पकडलंय त्यांना.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझं बसमधून जाणं सुटलं. तेव्हापासून घरी आल्यावर हे मला मॅच सांगायचे. तू पाहिलंस की नाही कुणास ठाऊक. पुलानंतर मॅचवर बोलायचं नाही हा नियम गाडीपुरता, घराला लागू नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. जेवण झालं की ताटं उचलायची आणि जमिनीवर मांडामांड. आपल्या टीमच्या वाट्या, दुसऱ्यांचे पेले, आणि चेंडू म्हणून सुपारी. "हा बघ, हा इथून निघाला," म्हणत वाटी सरकवायचे. मी म्हणायची, अहो, खरकट्या आहेत, घासू तर द्या. पण ऐकतात कुठे! गोल झाला की सुपारी खाटेखाली जायची आणि मग दोन म्हातारी माणसं, एक ऑपरेशनच्या गुडघ्याची आणि एक जाड भिंगाची, खाटेखाली सुपारी शोधत बसायची. मैदानावर जाऊन मला जेवढं दिसायचं नाही तेवढं त्या वाट्यांमध्ये दिसायचं. हरलेली मॅच तर हे जास्त रंगवून सांगायचे.

आता त्या दिवसाचं. तुला नको असेल तरी लिहिते, कारण तुझ्यासमोर कोणीच ते बोलत नाही. सगळे मूग गिळून बसलेत. तू पांढरकवड्याहून मुद्दाम आदल्या दिवशी आलास. सेमीफायनल कामठीलाच होती. सकाळी निघताना यांनी मफलर घेतला नाही म्हणून मी ओरडले, हे "थंडी कामठीत असते, गाडीत नाही," असं काहीतरी बरळले. संध्याकाळी अंधार पडल्यावर मी फोन लावला. वाजत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आणि मी काय केलं? मी म्हटलं, हरले वाटतं. उठले, तांदूळ धुतले, वाट्या आणि पेले घासून पालथे घातले, कारण आज मॅच लांबणार. कोणत्याही दुसऱ्या घरातली बायको घाबरली असती. मी निवांत वरणाला फोडणी दिली.

पुढचं मला अमरसिंगनं सांगितलं. ड्रायव्हर असून इतका रडणारा माणूस मी पाहिला नाही. तो म्हणाला, जाम गावाच्या पुढे त्यानं आरशात पाहिलं तर साहेब घामेजले होते, थंडीत. "मले वाटलं, हरल्याचं दुःख लागलं साहेबाले. कसा बोलू, पूल यायचा व्हता." वरोऱ्यातून गाडी गेली तेव्हा दवाखाना रस्त्याला लागूनच होता, दिवे चालू होते. पुढे पूल आला. अमरसिंगनं सवयीनं गाडी हळू केली. सगळे वाट बघत होते. हे काही बोलले नाहीत. खिडकीला डोकं टेकून, टोपी खाली ओढून बसलेले. सगळ्यात मोठा माणूस बोलल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, आणि तो बोलत नाही म्हणजे त्याला फार लागलंय, म्हणून त्याचा मान राखायचा. सगळ्या बसनं मान राखला. अमरसिंगनं पुन्हा गाडी पळवली. लालीबाई मला नंतर भेटायला आली तेव्हा म्हणाली, "म्या त चायचं भगोनं चुलीवर ठेवलं व्हतं बाई. गाडी थांबलीच नाही. म्या म्हनलं, लय गोलानं हरले वाटते." आणि मग आपल्या दाराशी गाडी थांबली, आणि तू त्यांचा खांदा हलवलास.

तुझी काही चूक नाही असं सगळे तुला सांगतात, आणि तू औषधं विकणारा माणूस, तुला ते खोटं वाटतं. मी खोटं सांगणार नाही. त्या रात्री यांना तपासलं त्या डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, वरोऱ्याला उतरवलं असतं तर कदाचित. कदाचित म्हणाले, हेही खरं. ते ऐकल्यावर मी किती दिवस तुझ्यावर, अमरसिंगवर, त्या सगळ्या पोरांवर मनातल्या मनात जळत होते. भरल्या गाडीत एका माणसाला बोलता येऊ नये? मग सगळ्यात जास्त राग यांच्यावर यायला लागला. छातीत कळ येतेय आणि हा माणूस नियम पाळतोय! कुणाला दाखवायचं होतं? पण मी त्यांच्याबरोबर जन्म काढलाय. ते बोललेच नसते. शंकरसिंगच्या आईला दाराशी उभी पाहिल्यापासून त्यांच्यासाठी तो नियम देवाच्या जागी होता. त्यांना वाटलं असणार, आता येईलच पूल, मग सांगू. एवढ्याशा वेळाचा प्रश्न. मीही त्यांच्या जागी असते तर असंच बसले असते, आणि तूही.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. त्या रात्री अंगणात सगळी धावपळ चालू होती आणि तू माझ्याजवळ आलास. माझा हात हातात घेतलास आणि दाबलास. सोडलास, पुन्हा जोरात दाबलास. माझ्या बांगड्या रुतल्या. मला वाटलं, धीर देतोयस. मग तू माझ्याकडे असा बघत राहिलास की मी काहीतरी विचारावं. मी काय विचारणार तेव्हा? तेराव्याला अमरसिंग म्हणाला, "साहेबानं नीळूभाऊचा हात धरला व्हता. वरोऱ्यापासून धरूनच व्हते." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू मला सांगत होतास. त्यांनी तुझा हात असा दाबला होता, आणि तुला वाटलं हरल्याचं दुःख आहे, आणि तूही उलट दाबलास. हेच ना? तेच तुझ्या घशात अडकलंय. ते तुला मदत मागत होते आणि तू सांत्वन करत होतास, असंच तुला दिवसरात्र वाटत असणार. मी अनेक दिवस यावर विचार केला, नीळू. असेलही तसं. मी तिथे नव्हते, आणि हे आता सांगायला नाहीत. पण त्यांचा हात शेवटपर्यंत कुणाच्या तरी हातात होता, आणि तो तुझा होता, ज्याला त्यांनी मुलासारखा या घरात वाढवला. मला हे कळल्यापासून थोडी झोप लागायला लागली आहे. तुला हे माझ्याकडून कळावं असं वाटलं.

इकडची बातमी फार नाही. क्लब तेव्हापासून गावाबाहेर गेलेला नाही. दोन ठिकाणची बोलावणी परत पाठवली म्हणे. पोरं संध्याकाळी मैदानावर येतात, चेंडू इकडून तिकडे ढकलतात, आणि घरी जातात. एकदा काठी टेकत मी बघायला गेले तर सगळे खेळ थांबवून उभे राहिले. त्यांतल्या एकाला मी विचारलं, बाबा, कामठीचा दुसरा गोल कसा बसला रे आपल्याला? त्याचे डोळे भरले आणि तो बूट बांधायला खाली बसला तो उठेचना. अमरसिंगला विचारलं तर तो म्हणाला, मी गाडीत झोपलो होतो. पेपरात दोन ओळी आल्या होत्या, दोन-एक, एवढंच. लोकांना वाटतं, ज्या मॅचवरून येताना नवरा गेला ती मॅच ही बाई कशाला विचारते, डोक्यावर परिणाम झाला असेल. वाटू दे.

म्हणून लिहायला बसले, नीळू. त्या वाट्या आणि पेले मी त्या रात्री पालथे घातले ते अजून तसेच ओट्यावर आहेत, वर काळी धूळ बसली आहे. इतक्या वर्षांत मी न पाहिलेली आणि मला न सांगितलेलीही यांची ही एकच मॅच, आणि त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून ती पाहिलेला माणूस तू एकटा आहेस. आपण गोल केला तेव्हा हे उठले का, टोपी उडवली का, ते पांढऱ्या दाढीचे म्हातारे अजून आहेत का, त्यांनी "वाह मियाँ" म्हटलं का, आणि हे शेवटचे हसले ते कशावर, हे मला दुसरं कोण सांगणार? रविवारी सकाळच्या एसटीनं मी येते आहे. गुडघ्याचं बघून घेईन. पिशवीत वाट्या असतील, पेले असतील आणि सुपारी असेल. तुझ्या घरी जमिनीवर मी त्या मांडीन. तुला बोलवत नसेल तर बोलू नकोस, नुसत्या वाट्या सरकव, मला समजतं. पण एक गोष्ट त्या दिवशी पुलावर राहून गेली आणि म्हणून तुम्ही सगळे अजून त्या गाडीतच बसलेले आहात. ती म्हणण्याचा मान गाडीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा. हे गेले, आता मोठी मीच आहे, आणि मला कोणी अडवून दाखवावं. पूल मागे राहिला रे, पोट्ट्या. चल, चाय घे.

तुझीच,
ताई